गेल्याची तिथी

तलाठी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी बाई आणि तिची पुतणी उभ्या होत्या.

"काकू, सुभद्राआजी गेल्याची तारीख द्यावी लागेल. त्याशिवाय सातबाऱ्यावरून नाव निघत नाही."

"माघ वद्य पंचमी, एकोणीसशे चौतीस. या घरात आल्ये तेव्हापासून दरवर्षी तिच्या नावाचं पान वाढत्ये मी."

"कशानं गेली?"

"बोटीनं."

"बोट बुडाली?"

"बुडत्ये कशाला? मुंबईस पोचली. बोलपटात कामाला लागली. कळलं तसं घरच्यांनी तिच्या नावानं अंघोळ केली."

"म्हणजे मेली नव्हती?"

"हळू बोल गो! पुढे पाच-सहा चित्रं आली तिची. तिचा भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, थेटरात मागच्या बाकावर बसून यायचे. डोळे मिटून. म्हणायचे, आवाज तोच आहे."

"मग वारली कधी? लग्न, मुलंबाळं? त्यांचीही नावं लागतील, काकू."

"कोणी विचारलंच नाही."

"पुढे या. मयत कधी?" आतून आवाज आला.

"काकू, काय सांगू?"

"ईशा, मग इतकी वर्षं मी वाढलेलं पान कोणाला पोचलं गो?"