फेब्रुवारीतला रेनकोट

टिटवाळ्याला पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओत बसलेलो. बाजूला कुठल्याशा मंडळाचे सेक्रेटरी पोपटराव, वीटभट्टीवरची मालन आणि रेनकोट घातलेली तिची पोरगी नंदा. महिना फेब्रुवारीचा, पंखा बंद.

"सायेब, पोरगी घामानं भिजली. पावसाळ्यात वाटा की कोट."

"अगं, पावसाळ्यात तुम्ही भट्टीवाले गावाला पळता. मग अहवालात फोटो कुणाचा छापू?"

"मला कोट नगं. हिला शाळंत घाला. गावाकडं चौथीत हुती, दिवाळीपासनं हितं विटा वाहतीय. हेडमास्तर म्हनले, हितल्या मोठ्या मानसाची चिठ्ठी आना, उद्या वर्गात बसवतो."

"देतो गं. आधी फोटो."

"आधी चिठ्ठी."

"बरं बाई, ही घे. कर अंगठा."

"थांबा. नंदे, वाच गं."

"'एक रेनकोट मिळाला. मंडळाचे आभार.'"

"अरे वा! हिला वाचता येतं?"

"म्हनून तर शाळंत घालायचीय. काढ गं कोट."

"अगं, काढू नको! लिहितो. पण हे पेन चालत नाही वाटतं."

"साहेब, माझं घ्या. आजच शाई भरलीय," मी म्हटलं.

"तुम्हाला कुणी विचारलं? आणा इकडे. हं, झाली सही."

"नंदे, वाच."

"'नंदाला चौथीच्या वर्गात बसू द्यावे.' खाली सही हाय, आई."

"दे माझ्याकडं. आता टोपी बी घाल डोक्यावर. सायबांच्या फोटूत पाऊस पडतोय."