मधलं शटल

धाकटी : अजून एक बाटली उघडू का?

ताई : मीच उघडायची असते. तू हात लावलास तर त्या तपासणीवाल्या बाई ती बाजूला ठेवून दुसरी देतील. मघाशी दिली ना.

धाकटी : मग उघड की.

ताई : पोटात नुसतं डुचमळतंय. सगळं पाणी घामावाटे गेलं, आता कुठून आणू?

धाकटी : हरलो ते हरलो, वर ही उत्तेजकं घेतलीत का म्हणून लघवीची तपासणी. दुष्काळात तेरावा महिना. त्या जिंकलेल्या दोघींना का नाही पकडलं?

ताई : त्यांच्यातली उंच पोरगी आली होती की. आली, गेली, मोकळी झाली. तू माझी बॅग आणायला गेली होतीस तेव्हा.

धाकटी : म्हणजे ह्यातही त्यांनीच बाजी मारली.

ताई : हसवू नकोस गं. बरगड्या दुखतात.

धाकटी : बेसिनचा नळ सोडून ठेवू? लहानपणी आई सोडायची बघ तुझ्यासाठी.

ताई : माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. मी शहाणी होते.

धाकटी : ह्या बाईंना आपलं बोलणं कळत असेल का?

ताई : एक अक्षर नाही. बघ ना कशा शांत बसल्यात. कोर्टवरून उतरल्यापासून सावलीसारख्या मागे आहेत बिचाऱ्या. पदक घ्यायला गेले, मागे. कपडे बदलायला गेले, दारात. सकाळपासून उभ्याच असतील, त्यांचे पाय माझ्यापेक्षा सुजलेत.

धाकटी : कपडे बदलायला गेलीस तेव्हा रडलीस?

ताई : तोंड धुतलं.

धाकटी : बराच वेळ धुतलंस.

ताई : पाणी गार होतं. बरं वाटत होतं. ती खुर्ची सरकव जरा, पाय वर घेते. हळू. बर्फ घसरतोय.

धाकटी : किती सुजलाय गं हा. हा गुडघा आहे की काय आहे?

ताई : बघू नकोस त्याच्याकडे. त्या टीव्हीकडे बघ, निकाल लागलेत सगळे.

धाकटी : बघितले. आपलं आडनाव दोनदा लागलंय, एकाखाली एक, आणि पुढे उपविजेत्या. घरी दारावरच्या पाटीवरसुद्धा त्याला एवढा मान नाही. आता आपल्या क्लबातले काका लोक बातमी वाचतील आणि म्हणतील, थोडक्यात गेलं हो. मला ना, ताई, ह्या थोडक्याचा वीट आलाय. मागच्या वर्षी थोडक्यात, त्याच्या आधी थोडक्यात. एकदा काय ते सपाटून हरू या तरी.

ताई : तू बोलून दमत नाहीस का? रॅकेट उचलायची ताकद नाही म्हणत होतीस ना मघाशी?

धाकटी : तोंडाला कुठे रॅकेट लागते? बरं, आईला फोन कर ना. कपाटं आवरून आवरून थकली असेल. मी मॅच बघितली की पोरी हरतात म्हणून टीव्ही बंद करते आणि कपाट उपसून बसते. आज फायनल म्हणजे माळासुद्धा काढला असेल तिनं.

ताई : आज तू कर.

धाकटी : काय करू?

ताई : फोन.

धाकटी : मी कशी करीन? हरलो की तू करायचा, जिंकलो की मी. असंच चालत आलंय ना आपलं.

ताई : ते तुझ्या रडण्यामुळे पडलं. शाळेच्या स्पर्धेत हरलो तेव्हा तू फोनवर नुसते हुंदके देत बसलीस. आईला वाटलं कुणाचा तरी हात मोडला. तेव्हापासून वाईट बातमी माझ्याकडे आली.

धाकटी : आणि चांगलीच झाली की सोय. आई फोन उचलायच्या आधी नाव बघते आणि निकाल समजतो तिला. माझं नाव दिसलं तर ती शेजारपाजारी सांगून मोकळी होईल, जिंकल्या म्हणून. मग मी काय सांगू तिला? उगाच तिचा जीव खालीवर करायचा.

ताई : तरी तू कर.

धाकटी : का पण? रागावलीयस माझ्यावर? त्या शेवटच्या शटलवरून?

ताई : मी कशाला रागावू?

धाकटी : मी रागावलेय. तू ते का सोडलंस?

ताई : तू का सोडलंस?

धाकटी : मधलं तुझं असतं, ताई. दोघींच्या मधे येईल ते तुझं. रॅकेट माझ्यापेक्षा मोठी होती तेव्हापासूनचं आहे हे. गादीवरसुद्धा मधे तूच झोपायचीस, आईच्या कुशीकडे.

ताई : तुझा पाय पुढे पडला होता. मला दिसलं डोळ्याच्या कोपऱ्यातून. पुढे पडला आणि मागे घेतलास. हातात आलेलं होतं ते. अंगणात मारतो तसं मारलं असतंस तरी पलीकडे गेलं असतं.

धाकटी : माहीत आहे मला.

ताई : मग?

धाकटी : नको विचारूस.

ताई : विचारतेय ना.

धाकटी : दुसऱ्या गेमपासून तुझा गुडघा वळत नव्हता. तू कुणाला दाखवत नव्हतीस, पण मी तुझ्या मागे असते, मला नाही दिसणार? म्हणून मी मधली दोन-चार घेतली. घेतली की आपले सर कोर्टमागच्या खुर्चीतून माझ्याकडे बघून मान हलवायचे, शाबास, असंच घे म्हणून. ते काही मला सहन होईना. सगळ्या जगासमोर मी तुला बाजूला सारतेय असं वाटलं. म्हटलं, हे शेवटचं तरी ताईचं ताईला घेऊ दे. असं म्हणेपर्यंत ते पडलंसुद्धा.

ताई : माझ्या मानासाठी सोडलंस.

धाकटी : हो. आता म्हण मूर्ख.

ताई : मूर्ख आहेसच. पण मी तुला काय म्हणणार? मी पण तेच केलं. गुडघा टेकला असता तर परत उठता आलं नसतं. वाटलं, ही आहे ना मागे. हिचं आहे हे. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर सोडलं, आणि नेमकं त्याच वेळी तुला माझा मान आठवला.

धाकटी : समोरच्या दोघींना काय वाटलं असेल?

ताई : काय वाटणार? नाचल्या त्या. नाचायलाच हवं.

धाकटी : पुढच्या वेळी आधी ठरवून घेऊ. तुझा पाय बरा झाला की मी मधल्याचं बघते, तू नेटजवळ राहा. तुझं धावणं कमी होईल.

ताई : त्या डावखुऱ्या पोरीनं काय कळवलं सरांना?

धाकटी : कुठली डावखुरी पोरगी?

ताई : आता वेड पांघरू नकोस. आपल्या सरावाच्या हॉलमधली. सरांनी तुला विचारलंय ना तिच्याबरोबर खेळशील का म्हणून.

धाकटी : तुला कुणी सांगितलं? मी काही हो म्हटलेलं नाही. सरांना म्हटलं, बघू. मी तुला सांगणार होते, पण फायनलच्या आधी कशाला म्हणून थांबले. आणि ह्या सरांना काय अक्कल आहे का? आपली फायनल तोंडावर आणि हे माझं दुसरीकडे जमवतायत.

ताई : सरांना मीच सांगितलं.

धाकटी : काय सांगितलंस?

ताई : की तिला विचारा. तिची सर्व्हिस चांगली आहे, पोरगी तापट नाही, आणि तुझी बडबड ऐकून घेते.

धाकटी : मला न विचारता?

ताई : विचारलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

धाकटी : घेतलंच असतं. मी काय तुझी जुनी सायकल आहे? आपल्याला चालवता येत नाही तर दे दुसऱ्याला? माझं मी नाही का ठरवायचं?

ताई : तुझं तूच ठरव. मी माझं ठरवलंय एवढंच. इकडे यायच्या आधी डॉक्टर म्हणाले, ही स्पर्धा खेळा हवं तर, पण नंतर मला खेळायचंय म्हणून सांगायला येऊ नका. जिने चढता यायला हवेत ना पुढे.

धाकटी : आणि तू एवढे दिवस माझ्या शेजारच्या पलंगावर झोपून मला बोलली नाहीस.

ताई : मला एक फायनल हवी होती तुझ्याबरोबर. तू नेहमीसारखी खेळायला हवी होतीस, मला सांभाळत नाही.

धाकटी : तरी सांभाळलंच की मी.

ताई : हो ना. तिथंच तर घोडं पेंड खातं.

धाकटी : वाईट नाही वाटत तुला?

ताई : वाटतंय. खूप वाटतंय, खोटं कशाला बोलू? त्या पदकाकडे बघवत नाही मला. बॅगेत तळाशी घालून ठेवलंय. पण आता काय आहे ना, वाईट वाटून घ्यायलासुद्धा अंगात त्राण नाही. उद्या वाटून घेईन सावकाश.

धाकटी : मी नाही खेळणार त्या पोरीबरोबर. तिला काय माहीत मी कधी डावीकडे सरकते ते?

ताई : मला तरी कुठे माहीत होतं? पहिलं वर्षभर तुझी रॅकेट माझ्या पाठीत बसायची. आई तेल लावता लावता विचारायची, खेळायला जाता की मारामारीला?

धाकटी : ताई, मला भीती वाटते.

ताई : कशाची?

धाकटी : मागे वळून बघायला कुणी नसेल त्याची. नाही, पुढे. तू पुढे असतेस. तुझी वेणी बघत खेळते मी, तुला माहीत नाही. ती हलली की मला कळतं कुठे जायचं ते. तिचे तर केस कापलेत मेलीचे.

ताई : ये इकडे. पायाला धक्का नको लावूस फक्त.

धाकटी : त्या बाई बघतायत.

ताई : बघू दे. त्यांचं कामच आहे ते. थांब, सरक, सरक जरा.

धाकटी : काय झालं? दुखलं?

ताई : नाही गं. आली वाटतं. हात दे, उठव मला. बाई उठल्याच बघ, त्यांना बरोबर कळलं. किती आनंद झालाय बघ त्यांच्या तोंडावर, आज कुणीतरी जिंकलं म्हणायचं.

धाकटी : मी येऊ आत?

ताई : तुला नाही येऊ देणार. तू इथं बस आणि फोन लाव. हरलो असं सरळ सांग, आढेवेढे न घेता. आणि रडू नकोस, नाहीतर तिला वाटेल हात मोडला. यापुढे दोन्ही बातम्या तुझ्याकडेच आहेत.

(ताई लंगडत त्या बाईंबरोबर आत जाते. धाकटी फोन लावते.)

आई : बोल.

धाकटी : आई, मी बोलतेय. ताई नाही.

आई : हो, नाव दिसलं.

धाकटी : आधी ऐकून घे, आनंद नको करूस. माझं नाव दिसलं तरी आज आम्ही...

आई : हरलात. बघितलं मी.

धाकटी : तू बघितलंस?

आई : काल ताईनं सांगितलं होतं, उद्या टीव्ही बंद करू नकोस, यानंतर मी त्यात दिसायची नाही. मग बसले समोर. किती पळता गं तुम्ही दोघी. मला माहीतच नव्हतं.

धाकटी : म्हणजे तुला माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

आई : आता कळलं ना. तुझं नाव दिसलं तेव्हाच म्हटलं, सांगितलं वाटतं तिनं. कुठे आहे ती?

धाकटी : तपासणीला गेलीय आत. गुडघा सुजलाय, बर्फ बांधलाय.

आई : रडली का?

धाकटी : तोंड धुतलं म्हणाली.

आई : म्हणजे रडली. आणि तू?

धाकटी : मी नाही अजून. दमलेय गं, आई.

आई : दमणारच. दोन घास खाऊन झोपा. तिच्या पायाखाली उशी दे. आणि एक सांग मला, मला त्यातलं काही कळत नाही म्हणून विचारते. ते शेवटचं पिसांचं फूल, तुमच्या दोघींच्या मधे पडलं ते. कुणाचं होतं ते?

धाकटी : माझं होतं, आई.

आई : बरं. मग पुढच्या वेळी घे.