मावशीचे प्रश्न

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी संघप्रिया तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन आली होती. समोरच्या बाकावर दोन पोरं नव्या गेमबद्दल बोलत होती.

“कालच चालू केला. जग संपलंय, माणूस एक न्हाय. आपण नुसतं हिंडायचं.”

“मारायचं कुणाला?”

“कुणालाच न्हाय.”

“मग गेम कसला रं? त्यापेक्षा रंकाळ्याला चक्कर मार की!”

“आरं, घरं उघडी असत्यात. ताटं वाढलेली तशीच. लई उदास वाटतंय, पण सोडवत न्हाय.”

“पावणं,” आई मध्येच म्हणाली, “त्यांच्या म्हशी कुणी सोडल्या?”

“गेममधी म्हशी न्हाईत, मावशी.”

“बरं. घरात शिरताना चपला तरी काढतोस न्हवं?”

“आवो, घरात कोण न्हाईच की!”

“म्हणून काय झालं? घर त्यांचंच हाय की.”

“आई, गप की गं,” संघप्रिया दबक्या आवाजात म्हणाली. चारचौघांत आईला गप्प करायची तिची सवय शाळेपासूनची होती.

“गपतेच. एवढंच सांग बाबा, जेवतोस काय तिथं?”

“डबे सापडत्यात की कपाटात.”

“न विचारता खातोस? कुणाचा रं तू?”

“ताई, बोलू द्या मावशीला,” दुसरा हसत म्हणाला. “गेमपेक्षा ह्येच भारी हाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. संघप्रियानं एकटीपुरता चहा टाकला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ती मोठ्यानं म्हणाली,

“आई, मला तुझं बोलणं फार आवडायचं गं.”