डोरीनच्या नावाची नळी

(यॉर्कशर, १९७४. एका विद्यापीठाची जंतुप्रयोगशाळा. डॉ. हेस्टर गार्साइड उद्या निवृत्त होणार. नॉर्मन टिंगल त्यांचा जुना साहाय्यक.)

नॉर्मन: ...साधी सर्दी आहे, डॉक्टर. स्वतःचा घसा कसला तपासताय? उद्या निरोपाचा चहा आहे, केक सांगून झालाय.

हेस्टर: जंतू वाढवलेल्या या दोन बशा बघ. डावी माझ्या घशातली. उजवी डोरीनची, त्या वारलेल्या पोरीची, जिच्या नमुन्यात मला नवा जंतू सापडला.

नॉर्मन: सारख्याच दिसतायत.

हेस्टर: एकच जंतू आहे. तीनदा तपासला.

नॉर्मन: मग पोरीचा तुम्हाला लागला. सव्वीस वर्षं त्याला जिवंत ठेवायला दर महिन्याला नव्या नळीत घालताय. जावयाचेही इतके लाड कुणी करत नाही.

हेस्टर: मीही आधी हेच म्हटलं. मग माझी सेहेचाळीसची नळी फोडली. नोकरीला लागताना प्रत्येकाच्या घशातलं सुकवून ठेवायचे ना, ती.

नॉर्मन: आणि?

हेस्टर: त्यातही हाच. डोरीन तर अठ्ठेचाळीसला आजारी पडून गेली; म्हणजे हा आधीपासून माझ्यातच होता.

नॉर्मन: ...पिपेट.

हेस्टर: हं. तेव्हा नमुना काचेच्या नळीनं तोंडानंच ओढायचो; माझी थुंकी तिच्या नमुन्यात गेली. नळीत कापसाचा बोळा घालायचा राहिला असेल. पोरीचा दुसरा नमुना इस्पितळानं तपासला होता, त्यात हा नव्हता. मी म्हटलं, त्यांनाच काही येत नाही.

नॉर्मन: तोऱ्यात होतात तेव्हा.

हेस्टर: तुला काय ठाऊक?

नॉर्मन: बाटल्या धूत होतो. तिथूनही दिसायचं.

हेस्टर: एवढा एकच शोध लावला मी, नॉर्मन. तोही माझ्याच तोंडातला.

नॉर्मन: कुणाला सांगायचं नाही. उद्या तुमच्या सगळ्या नळ्या जंतू मारायला वाफेच्या भांड्यात जातायत. विषय संपला.

हेस्टर: पुस्तकात छापलंय ते. मुलं पाठ करतात. चूक कबूल करणारं पत्र मासिकाला सकाळीच टाकलं.

नॉर्मन: टाकलंत? मग तोंड का उतरलंय?

हेस्टर: डोरीनच्या आईचं काय? तिला वाटतं, पोर गेली पण तिच्यामुळे शास्त्राला काही सापडलं. दर नाताळला कार्ड पाठवते. 'आमच्या डोरीनच्या डॉक्टरांना.'

नॉर्मन: ती कुठं शास्त्राची मासिकं वाचतेय? तिला कळणारही नाही.

हेस्टर: आणि मी दर नाताळला ते कार्ड कपाटावर लावू? माहीत असून?

नॉर्मन: बाकीच्या कार्डांत ठेवा, उठून दिसणार नाही.

हेस्टर: बाकीची नसतात. चहा ओत. गार होतोय.

नॉर्मन: तिला सांगितलंत तर तेही बंद होईल.

हेस्टर: होईल.

नॉर्मन: पत्ता आहे?

हेस्टर: पाठ आहे. दर वर्षी पाकिटामागे असतो.

नॉर्मन: उत्तर कधी दिलंत?

हेस्टर: नाही. मी काय लिहिणार? जंतू ठीक आहे म्हणून?

नॉर्मन: हा घ्या कागद. पेन चालतंय.

हेस्टर: नॉर्मन, तू बहिणीला पत्र लिहितोस ना? सुरुवातीला काय लिहितात?

नॉर्मन: कशी आहेस, असं विचारतो.

हेस्टर: बरं. आधी तेच विचारते.