फेस्टीकाकांच्या खोलीतल्या माशा

...आणि वर मलाच म्हणतात, "डिंप्ना, तू जरा घाई केलीस!" जरा? अहो, म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरातनं बाहेर काढलं मी, त्याच्याच बॅगेत त्याचेच मोजे कोंबून, ह्याला काय जरा म्हणतात? पाप माझंच आहे, नाही कोण म्हणतंय! पण ऐकून तरी घ्या, मग घाला काय त्या शिव्या... घालाच कुणीतरी, म्हणजे मी सुटेन!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे आयर्लंडात, मेयोत मिस्सा नुसता चर्चमध्ये होत नाही, तो घरी येतो. आळीपाळीनं एकेका घरी. फादर येणार, सगळी वाडी येणार, बैठकीतल्या टेबलाची वेदी होणार, मग चहा-नाश्ता, आणि नाश्ता खाता खाता बायका खिडकीच्या कडेवरनं हळूच बोट फिरवून बघणार! ह्या खेपेला नंबर आमचा. माझा नवरा मॅलकी रंगाचा डबा घेऊन शिडीवर, मी गुडघ्यांवर फरशी घासतेय, आणि तेवढ्यात ऑक्टोबरातलं ते एक चुकार ऊन पडलं नि वरच्या खोलीची खिडकी काळी! माशा हो, माशा! नेहमीच्या नव्हेत, चांगल्या दांडग्या, सुस्त, पाठीवर सोनेरी लव, हाकललं तर उडायचा कंटाळा, उताण्या पडून गिरक्या घेतायत!

आता ती खोली फेस्टीकाकांची. म्हणजे घरच फेस्टीकाकांचं. मॅलकीचे सख्खे काका, लग्न केलं नाही, घर-शेत आमच्या नावावर केलं आणि स्वतः छपराखालची ती खोली घेतली. मी विचारलं, "काका, इथं काय मेलंय हो?" तर पाइप भरता भरता म्हणतात, "मेलं काही नाही, पोरी. झोपायला आल्यात त्या. थंडीभर भिंतीत झोपतात. तू त्यांना उठवू नको, म्हणजे झालं."

झोपायला आल्यात! पाहुण्या लागून गेल्या! तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या कोटाच्या खिशात मागं अख्खा बांगडा सापडलेला, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? माझी आई म्हणायची, माशा तिथं घाण. आणि फादर येणार हो घरात! मी म्हटलं, "काका, मिस्सा होईपर्यंत जरा अट्रॅक्टाआत्यांकडे जाऊन येता का? हवापालट होईल." अट्रॅक्टा म्हणजे त्यांची बहीण, राहते पलीकडच्या वळणावर. कसला हवापालट? तोच वारा, तोच पाऊस! काकांनी काय केलं? टोपी घातली, बॅग उचलली, कुत्र्याच्या डोक्यावरनं हात फिरवला नि गेले. अहो, एक शब्द तरी बोलायचा! भांडायचं! नाही...

मग मी खोली उपसली. गादी उलटली, फळ्या उचकटल्या, कपाट ओढलं. सापडलं काय? मेलेला उंदीरसुद्धा नाही! पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले त्यांचे काळे बूट तेवढे. चकचकीत पॉलिश केलेले. मिस्सासाठी हो... पाप माझंच आहे, नाही कोण म्हणतंय! तेव्हाच जाऊन त्यांना घेऊन यायचं की नाही? पण मी काय केलं, तर खिडकीच्या न् भिंतीच्या सगळ्या फटी बाहेरनं चुना-सिमेंटानं बुजवल्या. म्हटलं, आता या बघू!

मिस्साचा दिवस. बैठक आमची वर्षभर बंद, ती उघडायची फादरांसाठी नाहीतर मढ्यासाठी. थंडगार नुसती! मी सकाळीच विस्तव केला, खाली हीटर, वर हीटर, जिन्यात हीटर. घर कसं उबदार झालं! लोक आले, फादर किलबेन आले, झगा घातला... आणि पुढच्या दारावर टक टक.

पुढचं दार आमच्यात कोण वाजवतं? परके वाजवतात! घरची माणसं मागनं येतात. मॅलकीनं उघडलं तर फेस्टीकाका. कोट-टाय आणि पायात गुडघ्यापर्यंत चिखलाचे गमबूट! बूट माझ्याकडे ना... सगळ्या वाडीची नजर आधी गमबुटांवर, मग माझ्यावर. आणि काका म्हणतात, "येऊ का आत?"

धरणी का नाही हो फाटली?

धरणी नाही फाटली, छताच्या फळ्यांतनं माशा सुटल्या. एक वेदीवर, एक मेणबत्तीत, एक शेजारच्या कन्सेप्टाच्या नव्या हॅटवर. फादर एका हातानं प्याल्यावर झाकण धरून मिस्सा नुसता पळवतायत! हात मिळवून एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, मी काकांपुढं हात केला. त्यांनी तो हलवला हो, पण कसा? विम्याचा माणूस हलवतो तसा!

नाश्त्याला कन्सेप्टानं हॅटवरची माशी चिमटीत धरून उजेडात बघितली. "अगं, ह्या थंडीतल्या माशा! घाणीतल्या नव्हेत, कुरणात वाढतात, गांडुळांच्या जिवावर. दरवर्षी त्याच घरात झोपायला येतात. फटी कधी बुजवल्यास?" म्हटलं, "परवा." "परवा? त्या आत शिरल्यावर? उन्हाळा सरायच्या आत बुजवायच्या असतात, बाई! आता बाहेरची वाट बंद केलीस, वर घर तापवून उठवलंस त्यांना, मग जातील कुठं? उठल्या की व्हॅक्युम क्लीनरनं ओढायच्या, झालं." आणि मग एकेकीला कंठ फुटला, "आमच्या बाथरूममध्ये तर ढीग पडतो!" "आमच्या माळ्यावर बघायला ये!" अगं मेल्यांनो, हे आधी नाही सांगायचं? सगळ्यांच्या घरी माशा, सगळ्यांनी झाकून ठेवलेल्या, आणि घराबाहेर कोण, तर माझा म्हातारा!

त्याच दुपारी अट्रॅक्टाआत्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, चुकले मी. घरी चला." रडले हो, खोटं कशाला सांगू! त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीतला हीटर काढलास?" "काढला." "मग चल."

आले. मागची एक गोष्ट काढली नाही. फादरांकडे जाऊन पाप सांगितलं, तर फादरांनी थोडक्या प्रार्थनांवर सोडून दिलं. पाप माझंच आहे, नाही कोण म्हणतंय! पण काकांनी काही सोडलं नाही. अहो, तेव्हापासून स्वतःच्याच घरात, स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर, दर वेळी टक टक. "येऊ का आत?" रागानं नाही हो, रागानं असतं तर मी भांडले नसते? मी आपली हातातलं टाकून धावते, "असं काय करता काका, तुमचंच घर आहे!"

तर टोपी काढत शांतपणे म्हणतात, "ठाऊक आहे गं, पोरी. पण विचारलेलं बरं."

घ्या! ठेवते चहा.