जागा विचारू नये

आमच्या येळ्ळूरच्या परशाला तुम्ही ओळखताच. दर रविवारी खानापूरकडच्या ओढ्यावर गळ टाकून बसतो आणि करंगळीएवढा मासा घावला की फेसबुकवर लिहितो, ‘ओढ्याकाठी माणूस स्वतःला भेटतो.’ जागा मात्र कुणाला सांगत न्हाय. मी लंगोटीयार, पण मलाबी न्हाय.

मागं त्यानं माशासंगं फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘जागा विचारू नये.’ कुणी विचारलीच न्हाय. पुढच्या रविवारी हा गेला तर अर्धं बेळगाव गळ टाकून बसलेलं. ह्याच्या नेहमीच्या दगडावर बसलेला एकजण ह्यालाच म्हणतोय, “अण्णा, जरा बाजूला सरा, फोटोत येतायसा.”

तसाच तणतणत माझ्याकडं आला. “जागा कुणी फोडली रं?”

मी मोबाईलवर त्यानं टाकलेला तोच फोटो उघडून दाखवला. डोक्यामागं पाटी, पाटीवर कन्नडात गावाचं नाव, हातभर अक्षरात.

म्हटलं, “परशा, हापिसात दिवसभर कन्नड अर्जच वाचतोस की. ही पाटी दिसली न्हाय व्हय?”

“दिसली की. पण ती नोकरी झाली. सुट्टीदिवशी कट्टर मराठी माणूस कन्नड पाटी वाचतोय व्हय?”