जाळी, मिशी आन् शेक

…आन् वर गावातली मलाच इचारत्यात, "सावळाराम, मिशी काढायच्या आधी इचारलं का न्हाईस?" आता तुमीच सांगा, चुलत्याच्या दहाव्याला मिशी उतरवायची ती काय पुण्याच्या डॉक्टरला फोन लावून उतरवायची?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो. मी आंबवड्याचा आचारी. ह्या जिभेनं चाखून बारा गावची लग्नं जेवू घातली, आन् त्याच जिभेच्या बुडाशी निघाली गाठ! तंबाखूची कृपा, दुसरं काय! पुण्याच्या मितालीबाई, डॉक्टर हो, म्हनल्या रेडिएशन. आमी त्याला शेक म्हनतो. बरं, शेकातबी दोन परकार! बाई कागदावर माझं डोकं काढून समजावत्यात, "हे बघा काका, जुन्या पद्धतीत किरण दोन बाजूंनी सरळ. गाठ जळते, पण कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीही भाजतात, तोंड कायमचं कोरडं राहू शकतं. नव्या पद्धतीत किरण चहूबाजूंनी, कमी-जास्त करत, त्या ग्रंथी बऱ्याचशा वाचतात. गाठीला गुण दोन्हींनी सारखाच. फक्त तयारीला दहा-बारा दिवस जास्त."

लाळ! चाळीस वर्सं पिचकाऱ्या मारून उडवली, ती आता मशीन लावून वाचवायची! पर इचार करा, लाळ न्हाई तर चव न्हाई, आन् चव न्हाई तर आचारी कशाचा?

गावात आलो तर सगळेच डॉक्टर! कापूरहोळचा गोरख मेकॅनिक म्हनतो, "अण्णा, जुनंच घ्या. नव्यात नुसते सेन्सर, बिघडलं की बसा!" शेजारची बनाबाई म्हनती, "वळसा घालून जातंय म्हनं, मंग गाठीवर पोचायचं कधी?" आन् शेक कुणाला? मला!

म्या नवा धरला. मंग काय, गरम प्लास्टिकचा पत्रा तोंडावर दाबला, गार झाला की माझ्या थोबाडाची जाळी तयार… मिशीसकट! ती घालून रोज टेबलाला जखडायचं, हलायचं न्हाई. तयारी होईस्तोवर घरी धाडलं, आन् दुसऱ्याच दिवशी आमचे चुलते कोंडिबा तात्या गेले. दहाव्याला नदीवर भावकीतली झाडून सगळी टाळकी भादरली. माझंबी भादरलं. कसं नको म्हनायचं हो?

पहिल्या शेकाला गेलो, तर डोकं जाळीत खुळखुळतंय! बाई वरडल्या, "काका, मिशी कुठाय?"

"तात्यांच्या मागं गेली."

"अहो, जुन्या पद्धतीत थोडंफार चालवून घेतलं असतं! इथं मिलिमीटरचा हिशेब. डोकं सरकलं तर गाठ राहील आणि ग्रंथी भाजेल!"

परत जाळी, परत स्कॅन, परत दहा दिवस! वर ताकीद, "आता सात आठवडे असंच तुळतुळीत ठेवायचं." म्हनजे सुतक फिटलं सगळ्यांचं, टक्कल फकस्त मला! एसटीत बसलो की शेजारचा इचारणार, "कोण गेलं वो?" आन् आमची रतनआजी, वय एक्याण्णव, भावकीत सगळ्यात थोरली, रोज वट्यावरनं माझा चकचकीत गोटा बघायची आन् म्हनायची, "मी हाय की रं अजून! येवढी काय घाई?"

आता हिला काय कप्पाळ समजवायचं? शेक कुणाला? मला! आन् तयारी कुणाची म्हनं? हिची!

झाले एकदाचे पस्तीस शेक. घसा सोलला, सा किलोनं उतरलो. पर लाळ हाय हो तोंडात! थोडी चिकट, पर हाय! चव तेवढी रुसलीय, आमटी चाखली की पुठ्ठा चावल्यावानी. बाई म्हनत्यात, "येईल हळूहळू, पाच-सा महिने धरा."

परवा आजीनं हाक मारली. "संपला का रं शेक?"

"संपला."

"मंग जाऊ का मी आता?"

म्हनलं, "आजी, पाया पडतो, थांबा जरा. तुमच्या तेराव्याचा सैपाक मलाच करायचाय, आन् सध्या मीठ-साखर दोन्ही मला एकच लागतंय!"

म्हातारीनं इचार केला, पाय पसरले, भिंतीला टेकली. "बरं, थांबते. पर बुंदी बिघडली तर याद राख!"

आता तिच्यासाठी रोज बुंदी पाडतोय… चवीचं काय कळत न्हाई, पर म्हातारी खाऊन खाऊन ठणठणीत झालीय!